वेगाबरोबर वाढणारी घरघर

ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गाडीतून घरघर यायची आणि वेगाबरोबर चढत जायची. रिकाम्या सरळ रस्त्यावर गिअर न्यूट्रल केला, तरी ती तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. उरले टायर आणि व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर सहज फिरतं तो भाग. डावीकडे वळताना आवाज वाढे, उजवीकडे वळताना दबे. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजवीकडे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली, पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. खरखर थेट बोटांना जाणवली! मला हीच चाचणी सर्वांत भरवशाची वाटते. नवं बेअरिंग प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) बसवावं लागतं, ते गॅरेजात करून घेतलं. आवाज पूर्ण गेला. अ‍ॅक्सल नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट) मात्र टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच आवळून घ्या, नाहीतर नवं बेअरिंगही लवकर जातं.