बर्लिनमध्ये घर घेताना आधी हे विचारा

बर्लिनला शिकायला निघालात तर खोली पक्की करण्याआधी घरमालकाला विचाराच: इथे ‘आनमेल्डुंग’ होईल ना? ही पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. ‘नोंदणी नको, भाडं कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. कराचा नंबर या नोंदणीनंतरच त्या पत्त्यावर टपालाने येतो, आणि अर्धवेळ कामाच्या पगारासाठी तो हवाच.

नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यायची असते. घराजवळचंच कार्यालय हवं असं नाही, शहरातलं कुठलंही चालतं. सकाळी लवकर पाहा, कुणीतरी सोडलेली वेळ मिळून जाते.

आणि किल्ली हातात आली की पहिल्याच दिवशी खालच्या टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर त्यांच्या आडनावाखाली आपली चिठ्ठी लावा, साध्या सेलोटेपने लावली तरी चालते.