जिवंत पेशीत एकेक आरएनए रेणू पाहताना

जिवंत पेशीतील सुटा आरएनए रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल, तर सुरुवात एमएस२ पद्धतीनेच करावी. १९९८ साली रॉबर्ट सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील एएसएच१ या आरएनएची हालचाल याच पद्धतीने दाखवली होती. एमएस२ हा जीवाणूंना ग्रासणारा विषाणू आहे. त्याच्या आरएनएमध्ये १९ न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा वळसा असतो आणि विषाणूचे आवरणप्रथिन त्या वळशाला घट्ट चिकटते. असे २४ वळसे आपल्या आरएनएला जोडले आणि आवरणप्रथिनाला जीएफपी (स्वतः चमकणारे प्रथिन) किंवा हॅलोटॅग (चमकता रंग धरून ठेवणारे प्रथिन) लावला, की प्रत्येक वळशावर प्रथिनांची एक जोडी बसते, म्हणजे एका रेणूवर जास्तीत जास्त ४८ दिवे लागतात.

वळसे स्टॉप कोडॉनच्या, म्हणजे प्रथिनाचा संकेत जेथे संपतो त्या खुणेच्या पुढे, ३-प्राइम टोकाच्या अभाषांतरित भागात घालावेत. त्या खुणेच्या आधी घातले, तर प्रथिन बनवणारा रायबोसोम पुढे सरकताना ते उलगडतात आणि चिकटलेली प्रथिने सुटून जातात. हे वळसे असलेले प्लाझमिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) जीवाणूंत वाढवताना पुनरावृत्त क्रमाचे काही तुकडे गळून पडण्याचा धोका असतो. त्यामुळे एसटीबीएल३सारखा जीवाणूंचा वाण वापरावा, तो ३० अंश सेल्सिअसला वाढवावा आणि प्रत्येक तयारीनंतर वळशांच्या भागाची लांबी जेलवर तपासावी.

माझ्या मते सर्वाधिक प्रयोग फसतात ते आवरणप्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार झाल्यामुळे. सुटे प्रथिनही चमकत असल्याने त्याच्या धुक्यात रेणूचा ठिपका हरवतो. म्हणून यूबीसीसारखा सौम्य प्रवर्तक (जनुक किती जोमाने चालावे हे ठरवणारा डीएनएचा भाग) निवडावा आणि पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर सर्वांत मंद, परंतु निश्चितपणे चमकणाऱ्या पेशीच उचलाव्यात. प्रथिनाला केंद्रकात नेणारा संकेतक्रम जोडला, तर सुटी प्रथिने केंद्रकात गोळा होतात आणि पेशीद्रव्य काळेभोर राहते. मात्र केंद्रकातील आरएनए अभ्यासायचा असेल, तर हा संकेतक्रम टाळावा.

पेशी ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचतळाच्या डिशमध्ये, फिनॉल रेड हा रंग नसलेल्या माध्यमात, ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवाव्यात. १.४ किंवा त्याहून अधिक संख्यात्मक छिद्रांकाचे तेल-भिंग घ्यावे आणि लेझर पेशीत तिरका सोडावा, म्हणजे केवळ पातळ थर उजळतो. एका चौकटीचा कालावधी ३० ते ५० मिलिसेकंद ठेवून पाहावे. फार लांबवल्यास वेगाने फिरणारे रेणू पुसट रेघांसारखे दिसू लागतात.

पडद्यावर पेशीद्रव्यात जवळपास सारख्याच तेजाचे, थरथरत सरकणारे ठिपके दिसायला हवेत. केंद्रकात एखादा ठळक, जागेवर स्थिर असलेला ठिपका दिसला, तर तो बहुधा लेखनस्थानाचा असतो, कारण तेथे एकाच जनुकावर अनेक आरएनए एकाच वेळी तयार होत असतात. पेशीद्रव्यातील ठिपक्यांच्या तेजाचा आलेख काढावा. त्याला एकच शिखर असेल, तर ठिपका एका रेणूचा आहे, या म्हणण्याला आधार मिळतो. ठिपक्यांचा मागोवा घेण्यासाठी फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील ट्रॅकमेट पुरेसे आहे.

तरीही एक पडताळणी टाळू नये. त्याच पेशी रसायनाने स्थिर करून दोन रंगांचे शोधक (आरएनएच्या ठरावीक भागाला चिकटणारे चमकते तुकडे) वापरावेत: एक प्रथिन-संकेताच्या भागासाठी, दुसरा वळशांसाठी. दोन्ही रंग एकत्र आले, तर रेणू अखंड आहे. केवळ वळशांचा रंग दिसला, तर प्रथिनांनी झाकलेला, विघटनातून उरलेला तुकडा आपण आरएनए समजत आहोत. यीस्टमध्ये हा दोष विशेष आढळतो. असे तुकडे जास्त दिसल्यास चित्रीकरण थांबवावे आणि याच दोषासाठी प्रथिनाची पकड सैल केलेली एमएस२व्ही६ ही २०१८ मधील आवृत्ती घालून नवी पेशी-मालिका तयार करावी.