मूल नेमकं कुठे अडलंय, हे आधी शोधा

चाचणीत कमी गुण पडलेल्या मुलांची यादी करणं सोपं असतं. पण मूल कुठे अडलंय ते त्या यादीतून कळत नाही. म्हणून मी आधी वह्या मागवते आणि फक्त चुकलेली उत्तरं वाचते.

समजा एका मुलीने ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिलंय. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: ५ मधून ३, ८ मधून २. अशीच आणखी ५० गणितं घातली, तर हाच चुकीचा नियम पक्का होईल. तिला शेजारी बसवा, मोठ्याने बोलत गणित सोडवायला सांगा आणि तिचं संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या. दशकाचा गठ्ठा तिचा तिलाच सोडू द्या.

वाचनासाठी अनोळखी उतारा १ मिनिट मोठ्याने वाचून घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. नंतर तितकाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, प्रश्न विचारा. ऐकून नीट समजत असेल, तर अक्षरं जुळवून शब्द वाचण्यावर काम हवं. ऐकूनही समजत नसेल, तर गोष्टी, गप्पा, नवे शब्द यांवर. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे हे दोन भाग वेगळे मांडले. वर्गात मला याइतकी उपयोगी मांडणी दुसरी सापडलेली नाही.

हजेरी, डोळे आणि कान मात्र सगळ्यात आधी पाहा. पुस्तकातलं अचूक उतरवणारं मूल फळ्यावरचं चुकवत असेल, तर आधी नजर तपासून घ्या.

जादा तासाला एकाच ठिकाणी अडलेली तीन-चार मुलं घ्या. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास पुरे. त्यासाठी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. कित्येक मुलांना शाळेत आपल्याला काहीतरी छान जमतं, हे तेवढ्याच तासाला जाणवतं. दर आठवड्याला छोटी चाचणी घेऊन आलेख काढा. सहा-आठ आठवड्यांत रेघ चढली नाही, तर पद्धत बदला, गट लहान करा. तरीही फरक पडला नाही, तर अध्ययन अक्षमतेची (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या खोल अडचणीची) तपासणी तज्ज्ञांकडून लवकर करून घ्या.

पालकांना भेटाल तेव्हा वही उघडून ते एकच गणित दाखवा. घरी रोज दहा मिनिटं, काड्या घेऊन तीन-चार वजाबाक्या, एवढंच मागा.