थारच्या हार्डटॉपला आतून कापडाचं अस्तर घरच्या घरी कसं बसवायचं

महिंद्राची तीन दारांची थार, म्हणजे २०२० ला आलेली, हार्डटॉपमध्ये, म्हणजे कडक छपराची, ज्यांच्याकडे आहे त्यांना एप्रिल-मेमधली डोक्यावरची धग आणि जुलैमधला छपरावरचा पावसाचा ताशा दोन्ही चांगले माहितीयत. हे छप्पर पत्र्याचं नाही, साच्यातून काढलेलं आहे, आणि आतून अस्तर नसलं की ऊन आणि आवाज सगळं थेट आत. तयार किट मिळतात, पण कापड आणि रंग आपल्या मनासारखा हवा असेल तर स्वतः करा, एक शनिवार-रविवार आणि हाताखाली एक माणूस एवढ्यात होतं. रॉक्सवाल्यांनी, म्हणजे पाच दारांची थार असणाऱ्यांनी, मात्र याच्या नादी लागू नका, तिचं छत पत्र्याचं, अस्तर कंपनीचंच, आणि कडेला कर्टन एअरबॅग, म्हणजे अपघातात खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, त्यांच्या वाटेत काहीही आणायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. कापड थेट छपराला चिकटवू नका. बरेच सीटकव्हरवाले तसंच करून देतात कारण दोन तासात काम होतं, पण पुढे कुठे पाणी झिरपलं किंवा हार्डटॉपचे बोल्ट काढायचे झाले तर सगळं फाडावं लागतं, आणि खाली छपराला सुकलेल्या सोल्युशनचा, म्हणजे गोंदाचा, जो थर राहतो तो काढता काढता जीव जातो. म्हणून पातळ शीटचे पॅनल बनवायचे, त्यांच्यावर कापड चढवायचं आणि ते पॅनल स्क्रूने बसवायचे. कधीही काढता येतात, धुता येतात, कंटाळा आला तर कापड बदलता येतं.

पॅनलसाठी एबीएस प्लास्टिकची २ मिमी शीट घ्या. एमडीएफ किंवा हार्डबोर्ड नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतो. साइनबोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड स्वस्त आणि कापायला सोपा असतो म्हणून मोह होतो, पण तो पीव्हीसीचा असतो, उन्हात उभ्या गाडीत छपरापाशी मऊ पडतो आणि मधून लोंबतो.

कापड घेताना 'रूफ लायनिंगचं, फोमवालं' असंच मागा, पाठीला साधारण ३ मिमी फोम असतो. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भरपूर व्हरायटी दिसेल. दोन्ही दिशांना थोडं ताणलं जातंय ना हे हाताने बघा, एकाच दिशेने ताणलं जाणारं कापड कोपऱ्यात चुण्या देतं. फोम नखाने खरवडून बघा, भुगा पडला तर तो जुना माल, गरमी आणि दमटपणाने फोम असाच कुजतो आणि जुन्या गाड्यांचं छत लोंबतं ते याच कारणाने, म्हणजे गोंद सुटून नाही तर मधला फोमच मरून. आणि एक छोटा तुकडा घरी आणून मोकळ्या जागेत चिमट्यात धरून जाळून बघा, भसकन पेट घेत असेल तर ते कापड गाडीत नको. गाडीच्या आतल्या मटेरियलसाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे आगीबाबतचं स्टँडर्ड आहे, दुकानदाराला त्याबद्दल विचारायला लाजू नका. रंगाचं म्हणाल तर फिकट राखाडीने केबिन मोठी वाटते, पण जे लोक कोकणात लाल मातीत गाडी घालतात आणि काचा उघड्या ठेवतात त्यांनी गडदच घ्यावा असं माझं मत.

आता काम. आधी छपरावर पाइपने दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा आणि आत बसून टॉर्चने सगळे सांधे बघा. ओल दिसली तर ते आधी दुरुस्त करून घ्या, अस्तराच्या मागे लपवू नका.

मग टेम्पलेट. ब्राऊन पेपर छपराला आतून टेपने लावा, रोल केजच्या, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या दांड्यांपाशी भाग पाडा म्हणजे सांधे दांड्यांच्या वर लपतात, साधारण दोन किंवा तीन पॅनल होतात. बोटाने दाबत उठाव, बोल्ट, दिव्याची वायर सगळ्याच्या खुणा करा आणि प्रत्येक कागदावर 'पुढे' आणि 'डावीकडे' लिहून ठेवा, कारण जमिनीवर उलटं ठेवलं की डावं-उजवं हमखास उलटतं. बोल्टच्या जागा मोकळ्या सोडा. शीट कापताना कागदापेक्षा चारही बाजूंनी ४ मिमी कमी कापा, कापड कडेवरून मागे वळतं तेव्हा त्याची जाडी तेवढी जागा खाते, आणि हे धरलं नाही तर पॅनल बसत नाही. कापून झालं की कडा पॉलिश पेपरने गोल करा आणि कापड लावायच्या आधी एकदा नुसते पॅनल बसवून बघा.

पॅनल टांगायला छपराला भोक अजिबात पाडायचं नाही. एबीएसचेच ५ मिमी जाडीचे दोन-दोन इंची गुटके कापा आणि काच बसवायच्या पीयू सीलंटने छपराला आतून चिकटवा, जागा आधी घासून आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून. थिनर वापरू नका, एबीएस विरघळतं. टेपने धरून एक पूर्ण दिवस तसंच सोडा. स्क्रूची लांबी कापड, पॅनल आणि गुटका मिळून जेवढी जाडी होते त्याच्या आत हवी, टोक छपरात जाता कामा नये.

कापड चिकटवणं हा सगळ्यात नाजूक भाग. फेविकॉल एसआर ९९८ सारखं सोल्युशन किंवा हाय टेम्परेचर स्प्रे वापरा, डब्यावर किती डिग्रीपर्यंत टिकतं ते वाचून घ्या, साध्या क्राफ्टच्या स्प्रेने पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात. पॅनलला पण लावायचं आणि फोमला पण, दोन्हीकडे पातळ. जास्त झालं तर ते फोममधून झिरपून कापडावर डाग उठतो आणि तो मग जात नाही. बोट लावल्यावर तार निघत नाही इतकं सुकू द्या, दहा-पंधरा मिनिटं, मगच जोडा. पावसाळ्यात हे काम करूच नका, सोल्युशन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, पकड कच्ची राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जागा उघडी हवी, तोंडाला कार्बन फिल्टरचा मास्क, आणि जवळपास गॅस, उदबत्ती, सिगरेट काही नको, ही वाफ पेट घेते.

कापड चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा. अर्ध कापड दुमडून आधी एक अर्ध चिकटवा मग दुसरं, मध्यापासून तळहाताने बाहेरच्या बाजूला दाबत जा. ताणू नका. जिथे खोलगट भाग आहे तिथे कापड आत ढकलत न्यायचं, वरून ताणून नेलं तर महिन्याभरात तिथे ते उचलतंच. कडेला मागे वळवायच्या पट्टीवरचा फोम खरवडून टाकला की कड पातळ आणि सुबक येते, आणि गोलाईला व्ही आकाराचे काप द्या.

उष्णता अजून कमी करायची असेल तर पॅनल आणि छपराच्या मधल्या पोकळीत ५-६ मिमी क्लोज्ड सेल, म्हणजे बंद छिद्रांचा, फोम छपराला लावा, गुटक्याची जाडीही तेवढीच वाढवा. स्पंजसारखा उघडा फोम नको, पाणी धरून ठेवतो.

एक रात्र सुकू द्या, मग मागून पुढे पॅनल बसवत या, स्क्रूखाली कापडाच्या रंगाचे कप वॉशर, म्हणजे वाटीसारख्या चकत्या, घाला. सगळे स्क्रू आधी अर्धे फिरवा, रेषा जुळली की मग आवळा. पहिले दोन-तीन दिवस काचा किंचित खाली ठेवा, वास निघून जातो. नंतर साफ करताना मऊ ब्रश आणि ओलं फडकं टिपून वापरा, घासलं की फोमला खड्डे पडतात, आणि थारची फ्लोअर धुता येते म्हणून आत पाइप लावत असाल तर पाण्याची धार खालीच ठेवा.