सर्व्हर सापडत नाही? रीस्टार्टचं बटण शेवटी

माझा सर्व्हर म्हणजे कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला एक जुना डेस्कटॉप. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, घरच्या फोटोंचा बॅकअप त्यावर चालतो, पत्ता १९२.१६८.१.५०. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी तो गुपचूप गायब होतो. अशा वेळी हात पहिल्यांदा पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरा. मशीन अर्धवट जिवंत असेल, तर नेमकं काय बिनसलंय हे आत्ताच बघायला मिळतं. रीस्टार्टनंतर सगळं सुरळीत झालं, तर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा होणार आणि तेव्हाही आपण कोरेच.

आधी स्वतःकडचं बघा. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू राहिलाय का? फोन किंवा लॅपटॉप गेस्ट वायफायवर गेलाय का? गेस्ट नेटवर्कवरून घरातली इतर यंत्रं सहसा दिसतच नाहीत. माझा एकदा अर्धा तास यातच गेला, त्यामुळे आता हे सगळ्यात आधी. शिवाय नावाने जोडत असाल तर एकदा थेट आकड्यांच्या पत्त्याने जोडून पाहा. तसं जमलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, घोळ नावाचा आहे.

मग एरर नीट वाचा. निम्मं उत्तर तिथेच असतं. एसएसएच करताना, म्हणजे लॅपटॉपवरून सर्व्हरवर लॉगिन करताना, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर ती चांगली बातमी समजा. त्या पत्त्यावर मशीन आहे, जागं आहे, फक्त २२ नंबरच्या पोर्टवर (एसएसएचच्या नेहमीच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. म्हणजे एसएसएचची सेवा पडली असेल किंवा तुम्हीच कधीतरी पोर्ट बदलून विसरला असाल. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे समोरून शब्दही नाही: मशीन बंद, पत्ता चुकीचा किंवा फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) पॅकेट गिळतेय. एकाच नेटवर्कवर असताना ‘नो रूट टू होस्ट’ आलं, तर बहुतेकदा त्या पत्त्यावर कोणी ‘हजर’ म्हणत नाहीये.

पिंगला (‘आहेस का?’ या हाकेला) उत्तर नाही म्हणून लगेच सुतक धरू नका, काही फायरवॉल पिंगच अडवतात. पिंग करून झाल्यावर लगेच लॅपटॉपचं एआरपी टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे याची यादी, बघा (लिनक्सवर ‘आयपी नेबर’). त्या पत्त्यासमोर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दिसला, तर केबल, स्विच, नेटवर्क कार्ड सगळं शाबूत आहे आणि संशय फायरवॉलवर. समोर भलताच मॅक दिसला, तर तो पत्ता दुसऱ्याच कोणीतरी बळकावलाय. सर्व्हरवर हाताने घातलेला पत्ता राउटरच्या डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेच्या) वाटपातलाच असला की हे होतं. कधी जोडलं जातं, कधी नाही, मध्येच एसएसएच ‘होस्ट की (सर्व्हरची ओळख) बदलली’ म्हणून ओरडतं. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवणं. राउटरच्या यादीत सर्व्हर वेगळ्याच पत्त्यावर बसलेला दिसला, तरी औषध हेच.

टेबलात काहीच नाही? मग उठा आणि कपाट उघडा. केबलच्या खाचेजवळचे दिवे बघा. अजिबात लागत नसतील तर केबल बदला, स्विचचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. यात फार वेळ घालवू नका. मी घातला होता, दोन संध्याकाळी. जास्तीच्या डिस्कसाठी एक साटा कार्ड बसवलं, मशीन चालू केलं आणि सर्व्हर गायब. पंखे फिरताहेत, डिस्क गुरगुरताहेत, नेटवर्कवर मात्र पत्ता नाही. घरातल्या सगळ्या केबली बदलून झाल्यावर शेवटी स्क्रीन जोडली, ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा दिली आणि कपाळावर हात मारला. नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी३एस० होतं, ते ईएनपी४एस० झालं होतं. हे नाव कार्ड कुठल्या पीसीआय बसवर (मदरबोर्डला कार्डं जोडणाऱ्या मार्गावर) आहे त्यावरून ठरतं. नवं कार्ड मध्ये घुसल्यावर बसचा क्रमांक एकाने सरकला. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत जुनंच नाव, त्यामुळे डेबियन नसलेल्या कार्डाला पत्ता देत बसलं होतं. फाइलीत एक आकडा बदलला आणि काम झालं. नंतर मी मॅकवरून नाव पक्कं करून टाकलं.

स्क्रीन जोडल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर मशीनला डीएचसीपीकडून काही मिळालेलं नाही. ‘इमर्जन्सी मोड’ दिसला तर आधी एफएसटॅब बघा, म्हणजे मशीन सुरू (बूट) होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची फाइल. एखादी डिस्क काढली किंवा मेली आणि तिची ओळ तिथेच राहिली, की सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) सहसा ९० सेकंद वाट बघतं आणि मग बूट तिथेच अडतं. नेटवर्कपर्यंत गाडी पोचतच नाही. बॅकअपसारख्या दुय्यम डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) लिहून ठेवा.

मधल्या काळात रीस्टार्ट झालाच असेल, तर जर्नलसीटीएल या आज्ञेतून मागच्या बूटचा लॉग काढता येतो, पण तो डिस्कवर साठवला जात असेल तरच.

दुरुस्ती झाली की स्क्रीन लगेच काढू नका. आता खुशाल रीस्टार्ट करा, आणि लॅपटॉपवरून एसएसएच लागल्यावरच कपाट बंद करा.