फोन गेटवर जमा, घड्याळ मात्र मनगटावर

कारखान्यात मेंटेनन्सला असल्यामुळे दुसऱ्यांचे घोळ निस्तरणं हाच माझा धंदा. गेल्या काही वर्षांत त्यात स्मार्टवॉचची भर पडली. मोबाइल गेटवर निमूट जमा करणारा माणूस हातातल्या घड्याळाला दागिना समजतो. त्यात धातू आहे, बॅटरी आहे, रेडिओ आहे, हे सांगून सांगून घसा बसला. नेहमी दिसणाऱ्या चुका या अशा.

धातूचा पट्टा घालून बॅटरीजवळ जाणं. विजेवरच्या फोर्कलिफ्टची बॅटरी बहुधा 48 व्होल्टची असते, म्हणजे दोन-दोन व्होल्टचे 24 सेल एकापुढे एक जोडलेले. एवढ्या व्होल्टला सहसा झटका जाणवत नाही, म्हणून पोरं बिनधास्त हात घालतात. पण दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला की शेकडो अँपिअर वाहतात आणि तो धातू क्षणात लाल होतो.

आमच्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा होता. पहिल्या पगारातून स्टीलच्या पट्ट्याचं स्मार्टवॉच घेतलेलं. सेकंड शिफ्टला टर्मिनलचा नट आवळायला वाकला. पान्याला मुठीपर्यंत टेप गुंडाळलेली, तेवढं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. मनगटाचं कुणी सांगितलं नव्हतं. चट् आवाज झाला आणि तो मागे कोसळला. पट्ट्याची कडी एकमेकांना चिकटली होती, कटरने तोडून काढावा लागला. मनगटावर त्या कड्यांचा डाग अजून आहे. चार्जिंग नुकतं संपलेलं असतं तर खोलीत झटकन पेटणारा हायड्रोजन साठलेला असता, तेव्हा नशीबच म्हणायचं. पट्टी बांधून घेताना या गृहस्थाने मला विचारलं, "सर, हे वॉरंटीत बसेल का?"

दुसऱ्या दिवशी बॅटरी रूमच्या दाराबाहेर फळीवर सहा खिळे ठोकले. घड्याळ, अंगठी, कडं काढून तिथं अडकवायचं, मगच आत. ऑफिसवाल्यांनी लॉकर सुचवला होता. लॉकरची किल्ली शोधत कुणी बसत नाही, खिळा डोळ्यांसमोर असतो.

"मग सिलिकॉनचा पट्टा घालतो" म्हणणारे शहाणे लगेच भेटतात. लेथवर तेही नको. जुना चामड्याचा पट्टा निदान तुटायचा, हा ताणला जातो पण लवकर सुटत नाही, आणि फिरता चक, म्हणजे लेथचा काम पकडणारा जबडा, तेवढ्यात हात ओढून घेतो.

पावलांवर बक्षीस लावणं. ही चूक कामगारांची नाही, एसी केबिनची. आमच्या एचआरने सगळ्यांना बँड वाटले आणि रोज 10,000 पावलांची स्पर्धा लावली. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानात 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, नावाचं यंत्र विकायला आलं, तिथून तो रूढ झाला. शिवाय मनगटावरचा बँड पाय बघतच नाही, हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतो. स्टोअरचा हेल्पर दिवसभर ट्रॉली ढकलत होता, पण दोन्ही हात दांड्यावर स्थिर, म्हणून शेवटून तिसरा आला. कँटीनच्या मावशी एका जागी उभ्या राहून पोळ्या लाटत दुसऱ्या आल्या. बक्षिसाची बाटली मावशींनीच त्या हेल्परला देऊन टाकली, ती गोष्ट वेगळी. ट्रॉली ढकलणाऱ्याला मी एवढंच सांगतो, बँड पायमोज्यात खोच. पण पगारवाढीला तो आकडा लावायचा विचार कुणी करत असेल तर आधी एक दिवस ट्रॉली ढकलून बघा.

नाडीच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास. पट्टा सैल असेल, मनगटावर गोंदण असेल किंवा हात सतत हलत असेल, तर घड्याळाच्या मागचा, नाडी मोजणारा हिरवा प्रकाश चुकतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधा. भट्टीजवळ चक्कर येत असेल तर घड्याळात न बघता बाहेर या.

पेंट बूथमध्ये किंवा सॉल्व्हंट स्टोअरमध्ये घड्याळ नेणं. ठिणगीने तिथली वाफ पेटू नये म्हणून फोन बाहेर ठेवता, त्याच कारणाने तेही बाहेर.

मशीनच्या पॅनेलवरच्या यूएसबीला चार्जर लावणं. दिसला की मी उपटतो, विचारत नाही.

कॅमेऱ्याचा चष्मा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गेटवर स्टिकर लागतो आणि रेकॉर्डिंग करणारा चष्मा डोळ्यांवरून थेट आत जातो. अडवलं की "नंबरचा आहे, काढला तर दिसत नाही" हे उत्तर ठरलेलं. घरून साधा नंबरचा चष्मा घेऊन या, तोवर कँटीनमध्ये बसा.