वर्ड उघडताच बंद पडतंय? आधी कंट्रोल दाबून उघडा

वर्ड सुरू होतं, खिडकी क्षणभर दिसते आणि गायब होते. अशा वेळी लगेच अनइन्स्टॉल करायला धावू नका. दोष बहुतेकदा मूळ प्रोग्रॅममध्ये नसतो.

१. कीबोर्डवरची कंट्रोल की दाबून ठेवा आणि वर्डच्या आयकॉनवर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये (जादा जोडण्यांशिवाय) सुरू करायचं का, असं विचारेपर्यंत की सोडायची नाही. मग 'येस'.

२. असं उघडलं, तर संशय वर्डला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमवर, म्हणजे अ‍ॅड-इन्सवर. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जा. खालच्या 'मॅनेज' यादीत 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडून 'गो' दाबा. सगळ्या खुणा काढा, वर्ड नेहमीसारखं उघडा आणि मग एकेक खूण परत लावत जा. जिच्यानंतर वर्ड कोसळेल, ती गुन्हेगार. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं. पीडीएफ किंवा प्रिंटरसोबत आपोआप आलेली अ‍ॅड-इन्स आधी तपासा.

३. तरीही तेच? वर्ड बंद करा. विंडोज आणि आर एकत्र दाबून टक्के चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्के चिन्ह असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. तिथे मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स फोल्डर उघडा. तिथल्या 'नॉर्मल' फाइलचं नाव बदला. वर्ड नवी कोरी फाइल स्वतः बनवतं.

नाव बदलाच, फाइल डिलीट करू नका. तुमचे मॅक्रो (वारंवारच्या कामांसाठी साठवलेल्या आज्ञा) आणि ठरवून ठेवलेला फॉन्ट त्या जुन्या फाइलमध्येच असतात.

वर्डऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर विंडोजच्या स्टार्ट मेनूत त्याचा सेफ मोड वेगळा दिलेला असतो.